साथ नाही, असं मी सांगितलं

मला सरकारी नोकरी आवाजामुळे लागली. कॉलेजात असताना कबड्डीच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचो, ते ऐकून एका प्राध्यापकांनी अर्ज करायला लावला. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. जळगावच्या एका प्रसिद्धी कचेरीत मी लिपिक म्हणून लागलो. हुद्दा लिपिकाचा असला तरी टेबलाशी मी फार बसलो नाही. आमच्याकडे एक जीप होती. तिच्या टपावर दोन भोंगे आणि मागे प्रोजेक्टर. गावोगाव जायचं, कुटुंब नियोजनाची फिल्म दाखवायची, अल्पबचत, बिनधुराची चूल, हुंडाबंदी, जे काय त्या महिन्याचं असेल ते भोंग्यावरून सांगायचं. सांगायचा तो मजकूरही मीच लिहायचो. साहेब तो वाचून त्यावर सही करायचे. त्याचीच एक प्रत वर्तमानपत्रांना जायची आणि ती बहुतेक वेळा एक शब्दही न बदलता तो छापायची. आपलं वाक्य दुसऱ्या दिवशी छापून आलेलं पाहून मला पहिली दोन वर्षं फार भारी वाटायचं. जळगावातच मेहरूणला आम्ही भाड्याने राहायचो. घरी पेपर आला की वडील चष्मा लावून विचारायचे, "यातलं तुझं कोणतं?"

जीपचे ड्रायव्हर धुळ्याकडचे होते. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, म्हणून मी त्यांना नाना म्हणायचो. ते अहिराणी बोलायचे. मी जळगावजवळच्या असोद्याचा, आमची घरची बोली निराळी, पण वर्षभरात मला त्यांची बोली समजायला लागली आणि थोडीफार बोलताही यायला लागली. नाना कमी बोलत. मी भोंग्यावर असताना ते गाडी इतकी हळू चालवायचे की पुढच्या म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या नाहीत.

ज्या प्रसंगाबद्दल सांगतोय तो एका पावसाळ्यातला आहे. पाऊस लागून वीस-पंचवीस दिवस झाले असतील. पारोळा तालुक्यातल्या काही गावांत जुलाब-उलट्यांचे रोगी आहेत अशी कुणकुण कचेरीपर्यंत आली होती. त्याच आठवड्यात त्या भागात मंत्र्यांचा दौरा होता. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "एक छोटा मजकूर करा. तालुक्यात साथ नाही, लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. चार गावांत फिरून या."

मी विचारलं, "आरोग्य खात्याकडून काही लेखी आलंय का?"

"फोन झालाय. तुरळक रोगी आहेत म्हणाले. तुरळक म्हणजे साथ नाही."

मी मजकूर लिहिला. तो मला अजून पाठ आहे. 'तालुक्यात कोणत्याही साथीचा प्रादुर्भाव झालेला नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये व घाबरून जाऊ नये.' टाइप करून घेतला, सही झाली, एक प्रत वर्तमानपत्रांना गेली, एक माझ्या खिशात.

त्या चार गावांतलं तिसरं गाव पारोळ्यापासून बरंच आत होतं. एसटी दिवसातून दोनदा यायची. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. अशा वेळी बाया निंदणीला गेलेल्या असतात आणि गाव रिकामं असतं, पण त्या दिवशी ओट्याओट्यांवर माणसं बसलेली होती. मला ते खटकलं नाही. उलट ऐकायला माणसं आहेत हे बरं झालं असं वाटलं. नानांनी गाडी चावडीपुढे उभी केली आणि मी माईक तोंडाशी धरून मजकूर दोनदा वाचला.

तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा एक म्हातारी जीपच्या पुढे येऊन उभी राहिली. साठीची असेल. नऊवारी, डोक्यावर पदर, हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. लोक तिला अक्का म्हणत होते. ती गावची सुईण होती हे मला नंतर कळलं.

"साथ नही शे?" तिनं विचारलं.

"नाही अक्का. घाबरायचं काही कारण नाही."

"साथ नही शे, तं मना घरमा काय शे? खाले उतर. चाल, देख."

मी खाली उतरलो नाही. "आम्हाला अजून एक गाव करायचंय," असं काहीतरी म्हणालो. ते खरंही होतं. तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा नानांकडे पाहिलं आणि ती बाजूला झाली. नानांनी गाडी गिअरमध्ये टाकली.  गावाबाहेर पडल्यावर ते इतकंच म्हणाले, "भाऊ, उतरी जातास तं बरं व्हतं."

दुसऱ्या दिवशी जळगावच्या एका वर्तमानपत्रात माझा मजकूर आला. पान तीन, चौकटीत. मी नेहमीप्रमाणे तो वडिलांना दाखवला.

मंत्र्यांचा दौरा झाला. दौरा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला परत बोलावलं. या वेळी त्यांच्या टेबलावर आरोग्य खात्याचा कागद होता. त्यात 'गॅस्ट्रोसदृश आजार' असा शब्द होता. त्या तिसऱ्या गावात तीन माणसं दगावली होती आणि गावकरी पाण्याच्या टाकीत जंतू मारायची ब्लीचिंग पावडर टाकू देत नव्हते. नर्सला त्यांनी टाकीच्या शिडीवरून खाली उतरवलं होतं आणि पावडरीचं पोतं नाल्यात फेकून दिलं होतं.

"पावडर सुरक्षित आहे असं जाऊन सांगा," साहेब म्हणाले. "लोक अडाणी असतात. त्यांना समजेल अशा भाषेत सांगा."

मी पुन्हा मजकूर लिहिला, पुन्हा सही झाली.

या वेळी आम्ही गावात शिरलो तेव्हा लोकांनी माना वळवल्या. ओट्यावरची माणसं भिंतीकडे तोंड करून बसली. मी बोलायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात पंचविशीचा एक माणूस शांतपणे बोनेटवर पाय देऊन टपावर चढला आणि त्यानं भोंग्यात ओला गोणपाट कोंबला. नंतर दुसऱ्या भोंग्यात. मग खाली उतरला आणि हात झटकत निघून गेला. तो रागावलेलाही दिसत नव्हता. माझा आवाज गाडीतच घुमायला लागला. मी माईक बंद केला.

त्याच वेळी चावडीच्या पलीकडे एका साबण कंपनीची गाडी उभी होती. तिच्यावरही भोंगा होता आणि त्यातून गाणं वाजत होतं. एक म्हातारबा कोणाला तरी म्हणाला, "दोन्ही गाड्या सारख्याच. एक साबण विकस, एक पावडर." हे मला ऐकू यावं म्हणूनच तो बोलला होता.

शाळेच्या दोन खोल्यांत रोगी ठेवले होते. बाकं भिंतीला लावली होती आणि खाली सतरंज्यांवर माणसं. खुंटीला सलाईनच्या बाटल्या. नर्सबाई चाळिशीच्या, चार दिवस घरी गेलेल्या नव्हत्या. मी ओळख सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे तो आवाज तुमचा." पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच्या तसं इथे लिहितो, कारण माझ्या नोकरीत मला इतकं सरळ कोणी काही समजावून दिलेलं नाही.

"तुम्ही सकाळी येऊन सांगून गेलात की साथ नाही," त्या म्हणाल्या. "त्याच दुपारी मी टाकीत पावडर टाकली. त्याच दिवशी दिवस बुडता बुडता इथला एक धडधाकट माणूस गेला. त्याला लागण आधीच झालेली होती, पण लोकांना ते कसं दिसणार? ते म्हणाले, साथ नाही असं सरकारच सांगतंय. पेपरातही तेच आलंय. मग माणसं कशानं मरतायत? नवीन काय झालं गावात? तर पावडर. त्यांच्या हिशेबात चूक कुठे आहे सांगा मला."



"आणि आता ते टाकीचं पाणी सोडून नाल्याकाठच्या जुन्या विहिरीवर जायला लागलेत," नर्सबाई पुढे म्हणाल्या. "सगळी घाण त्या विहिरीतच आहे असा माझा अंदाज आहे. काल मी चार बायांसमोर टाकीच्या पाण्याची परीक्षा करून दाखवली. पाण्यात औषधाचा थेंब टाकला की पाणी पिवळं होतं. पिवळं झालं म्हणजे पावडर बरोबर आहे, पाणी चांगलं आहे. तर त्या ओरडायला लागल्या, पाहा, पाहा, पिवळं झालं, यात विष आहे. आता बोला."

आम्ही बोलत असताना दारात अक्का उभी होती. तिची सून आतल्या खोलीत सलाईनवर होती. ती किती वेळ ऐकत होती कोण जाणे. तिनं मला बाहेर बोलावलं. शाळेच्या पायरीवर बसली, मी उभाच होतो. माझ्या हातातल्या टाइप केलेल्या कागदाकडे तिनं बोट दाखवलं.

"हाऊ कागद कोनी लिखा?"

"मीच."

"आनि तो पहिला? साथ नहीवाला?"

"तोही मीच."

"पेपरमा ऊना तो?"

"तोही."

 मला वाटलं, ही आता शिव्या देईल. गावातली माणसं पेपरात आलंय म्हणून एकमेकांना सांगत होती, आणि पेपर, भोंगा, सरकार असे तीन जण म्हणून जे तिच्यापुढे उभे होते ते सगळे मिळून मी एकटाच होतो. हे तिला कळत होतं आणि मलाही तेव्हाच नीट कळलं.

"देखीसन लिखा का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मला जसं सांगितलं तसं मी लिहिलं."

"मंग आते चाल. देख."

या वेळी मी गेलो. ती पुढे, मी मागे, आणि आमच्या मागे थोडं अंतर ठेवून नाना. अक्का कोणत्याही घरात विचारल्याशिवाय शिरू शकत होती, कारण त्या घरातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मली होती. ती प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारायची. घरात कोण आजारी पडलं आणि पाणी कुठलं पिता. मी त्या मजकुराच्या कागदाच्या पाठीमागे लिहीत गेलो. एका बाजूला जुनी विहीर, दुसऱ्या बाजूला टाकी. पहिल्या दोन-तीन घरांत बायांनी मला पाहून दार लावून घेतलं. अक्का बाहेरूनच ओरडायची, "अवं, तो काही सांगाले नही ऊना, लिखाले ऊना."

नाल्याकडच्या आळीत जवळजवळ प्रत्येक घरात कोणी ना कोणी अंथरुणावर होतं. ते सगळे विहिरीचं पाणी पीत होते. काहींची सुरुवातीपासूनच ती सवय होती, काहींनी पावडरीच्या भीतीनं टाकी सोडली होती. मारुतीच्या देवळामागची आळी विहिरीपासून लांब. तिथल्या बायांनी लांब जायचा कंटाळा म्हणून टाकीचंच पाणी चालू ठेवलं होतं. पावडर टाकली होती त्या दिवसाचंही. त्या आळीत आजारी माणूस फक्त एक. टाकीचं पाणी पिणारा तो म्हातारा आजारी कसा पडला, हे अक्काला पटेना. तिनं त्याच्या अंथरुणाशी बसून खोदून खोदून विचारलं. शेवटी निघालं की तो दोन दिवसांपूर्वी नाल्याकडच्या आळीत कोणाच्या तरी तेराव्याच्या जेवणाला गेला होता आणि तिथे दोन तांबे पाणी प्यायला होता.

दुपारी आम्ही तिच्या ओट्यावर बसलो तेव्हा मी कागद पुढे धरला आणि वाचून दाखवायला लागलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माले वाचता येत नही, पन ध्यानमा शे." आणि तिनं घरामागून घर, माणसामागून माणूस, सगळं तोंडपाठ सांगितलं. माझ्या कागदावर दोन घरं सुटली होती, तीही तिनं सांगितली.

तरी तिची खात्री झालेली नव्हती. टाकीत उरलेलं थोडं पाणी अजून पावडरीचंच होतं. तिनं नातीकरवी कळशी भरून आणवली, तांब्या माझ्या हातात दिला आणि स्वतः समोर बसली. मी प्यालो. पाण्याला उग्र वास येत होता. तांब्या खाली ठेवला तर तिनं परत भरून दिला. मी तोही प्यालो. नानांनी स्वतःहून हात पुढे केला.

"आते आठेच थांबा," ती म्हणाली. "सकायलोंग."

आम्ही शाळेत थांबलो. कचेरीला कळवायला फोन नव्हता, आणि असता तरी मी काय कळवणार होतो? सकाळी मी आणि नाना पायांवर उभे आहोत हे पाहायला अक्का उजाडताच आली. तिच्याबरोबर गोणपाट कोंबणारा तो माणूसही होता. तो तिचा शेजारी होता आणि दगावलेल्यांपैकी एक त्याचा चुलता. त्यानं माझ्याकडे न बघता टपावर चढून दोन्ही भोंगे मोकळे केले.

मी माईक हातात घेतला तेव्हा नाना हळूच म्हणाले, "भाऊ, कागद सोडी बोलू नका. नोकरीनं काम शे." ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. पण कागदाच्या एका बाजूला जे होतं ते वाचून काहीच उपयोग झाला नसता, आणि दुसऱ्या बाजूला जे होतं त्यावर कोणाची सही नव्हती. मी म्हणालो, "चार दिवसांपूर्वी मी इथे येऊन साथ नाही असं सांगितलं. ते खरं नव्हतं. मी न पाहता बोललो. माझी चूक झाली. काल मी अक्कांबरोबर गावभर फिरलो. जुन्या विहिरीचं पाणी पिणारी माणसं आजारी आहेत. पावडरीचं पाणी मी काल प्यालोय." एवढंच. हे बोलताना माझा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. 

माणसं ओट्यांवरून उठून जवळ आली. मग अक्कानं हात पुढे केला. मला वाटलं, तिला गाडीचा आधार हवाय. तिला माईक हवा होता. बटण कुठलं ते मी दाखवलं. तिनं तो तोंडापासून फार लांब धरला होता, तरी आवाज सगळ्या गावात गेला.

"मी घरेघर फिरनू. जठे विहिरनं पानी, तठे बिमारी. जठे टाकीनं पानी, तठे नही. माले कोनी सांगं नही. मी सोता देखं. तुम्हले खोटं वाटस तं तुम्हीन फिरा, देखा."

काही माणसं खरोखर फिरली. दोन-तीन तरुण मारुतीच्या देवळामागे जाऊन घरोघर विचारून आले. दुपारपर्यंत नर्सबाई पावडरीचं नवं पोतं आणवून शिडीवर चढल्या, आणि या वेळी खाली शिडी धरायला तो गोणपाटवाला उभा होता. जुनी विहीर काटेरी फांद्या टाकून बंद केली. सगळ्यांनी ऐकलं असं नाही. काही घरांनी पावडरीचं पाणी घेतलंच नाही, पण उकळून प्यायला लागले. नर्सबाई म्हणाल्या, "तेवढंही पुष्कळ आहे." त्यानंतर आणखी एक म्हातारी गेली, तिला खूप उशिरा आणलं होतं. अक्काची सून वाचली. आठ-दहा दिवसांत शाळेच्या खोल्या रिकाम्या झाल्या.

मी जळगावला परतलो त्याच्या आधीच माझं भाषण कचेरीत पोचलं होतं. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'शासकीय ध्वनिक्षेपकावरून मंजूर मजकुराव्यतिरिक्त विधाने केल्याबद्दल.' साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला खुर्चीवर बसवून चहा मागवला.

"तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण ते बोलायचं काम तुमचं नव्हतं."

"मग कोणाचं होतं, साहेब?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "ते मलाही सांगता येणार नाही."

मी उत्तरात लिहिलं की पहिलं विधानही मी खातरजमा न करता केलं होतं, त्याबद्दलही खुलासा मागवावा. तो कोणी मागवला नाही. मला ताकीद मिळाली आणि धुळ्याच्या कचेरीत बदली झाली, घरचेही बरोबर धुळ्याला आले. जीप सुटली. तिथे माझं काम कात्रणांचं. सकाळी सगळी वर्तमानपत्रं यायची. सरकारबद्दल जे आलं असेल ते कापायचं, वहीत डकवायचं, खाली तारीख घालायची. पहिल्याच आठवड्यात मी जे कात्रण डकवलं त्याचा मथळा होता, 'प्रशासनाच्या तत्परतेमुळे साथ आटोक्यात'. मजकुराची धाटणी माझ्या ओळखीची होती. जळगावला माझ्या जागी आलेल्या मुलानं तो लिहिला होता आणि चार्ज देताना त्याला लिहायला मीच शिकवलं होतं. अक्काचं नाव त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. नर्सबाईंचंही नव्हतं. मी डिंक लावला, कात्रण डकवलं आणि तारीख घातली. त्या दिवशी घरी आलेला पेपर मी वडिलांपुढे ठेवला नाही.

धुळ्यात मी बरीच वर्षं काढली. तिथे बसून मला एक गोष्ट दिसत गेली. नव्वद साल उलटलं तसे लोक पेपराला, रेडिओला, सरकारला उघड हसायला लागले. चहाच्या टपरीवर कोणी बातमी वाचायला लागला की दुसरा म्हणायचा, "कोणी पैसे देऊन छापलं असेल." केबल आली, मग फॅक्स आला, मग दशकाच्या शेवटी आमच्या कॉलनीच्या नाक्यावर इंटरनेटचं दुकान उघडलं. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. एके दिवशी ती तिथून एक छापलेलं पान घेऊन आली. नळाच्या पाण्यात टाकायच्या औषधानं कॅन्सर होतो, आणि सरकार व औषध कंपन्या मिळून हे लपवून ठेवतात, असं त्यात लिहिलं होतं. खाली कोणाचं नाव नव्हतं. मी तिला त्या गावाची सगळी हकीकत सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बाबा, साथ नाही असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मग तुमच्या खात्यावर मी का विश्वास ठेवू?"

मी तिला म्हणालो, ठेवू नकोस, पण या पानावर तरी का ठेवतेस?  बरेच दिवस आमच्यात हा वाद चालू राहिला. माझं म्हणणं तिला पूर्ण पटलं नाही आणि तिचं मला पूर्ण खोडता आलं नाही. लोक अविश्वास दाखवतात याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो अविश्वास कमावून देण्यात माझाही हात होता. वाईट इतकंच वाटायचं की संशय घेऊन झाला की माणसं तिथेच थांबायची. पुढे उठून चार घरं फिरायचे कष्ट कोणी घ्यायचं नाही. मीही दरवेळी घेतले असं म्हणणार नाही. कात्रणं डकवताना मी एकाही बातमीच्या मागे गेलो नाही.

त्या इंटरनेटच्या पानाच्या दोन-तीन वर्षं आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. लहान मुलांना पोलिओचे डोस द्यायची मोहीम निघाली होती. जळगावकडे सांगणारा माणूस कमी पडला म्हणून मला आठ दिवस परत जीपवर पाठवलं. जीप नवी होती, नाना निवृत्त झालेले, ड्रायव्हर दुसरा. नेमून दिलेल्या गावांत ते गाव होतं.

अक्का आता काठी टेकत चालत होती. तिनं मला ओळखलं. डोस शाळेत होते. तिशीच्या आतली एक नवीन सिस्टर टेबल मांडून बसली होती आणि आया मुलांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. अक्काबरोबर दोन पणतवंडं होती. ती सरळ टेबलापाशी गेली आणि औषधाच्या पेटीवर काठी ठेवली.

"हाईमा बरफ शे का?"

सिस्टर म्हणाली, "आहे ना आजी. सकाळीच भरलाय."

"उघाड."

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. माझं भोंग्यावरून डोस उत्तम आहे असं नुकतंच दोनदा सांगून झालं होतं. मी म्हणालो, "उघडा, सिस्टर. बघू तरी."

पेटी उघडली. बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं. बाटल्या कोमट होत्या. ज्या गाडीनं पेटी आली होती ती वाटेत बंद पडून दोन तास उन्हात उभी होती, हे सिस्टरला कोणी सांगितलंच नव्हतं. पोरगी बिचारी रडायच्या बेताला आली. मी म्हणालो की तुमची काही चूक नाही. रांगेतल्या आयांमध्ये कुजबुज सुरू झाली आणि दोघी-तिघी घरी जायला वळल्या.

मी माईक घेतला आणि जे झालं ते सांगितलं. बर्फ वितळलाय, हे औषध आम्ही देत नाही, दुसरं आणायला गाडी पारोळ्याला जातेय, दीड-दोन तास लागतील, थांबता आलं तर थांबा. वळलेल्या बायांपैकी एक परत आली. बाकीच्या गेल्या. अक्का पणतवंडांना घेऊन पडवीत बसली, म्हणून तिच्या शेजारणीही बसल्या.

गाडी एकच्या सुमारास परत आली. अक्कानं या वेळीही पेटी उघडायला लावली, आत हात घालून पाहिलं, हात काढून पदराला पुसला आणि धाकट्याची हनुवटी धरून त्याचं तोंड उघडलं. सिस्टरनं दोन थेंब टाकले. मोठं पोर पळायला लागलं तेव्हा त्याला मी धरलं. शेवटचं मूल गेलं तेव्हा दोन वाजून गेले होते. मग सिस्टरनं डबा काढला, अक्काच्या घरून ठेचा आणि कांदा आला, आणि ड्रायव्हरसकट आम्ही सगळे शाळेच्या पडवीत भाकरी खायला बसलो.